भांडणातून मिळालेली खुर्ची

१९ सप्टेंबर २०२१ ला चरणजितसिंग चन्नी यांचे नाव जाहीर झाले आणि आमच्या वस्तीतल्या पोरांच्या स्टेटसवर दिवसभर त्यांचाच फोटो होता. पंजाबचा पहिला दलित मुख्यमंत्री! आनंद मलाही झाला. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण ३१.९ टक्के, म्हणजे देशातल्या राज्यांमध्ये सर्वाधिक. तरी तिथे हा दिवस उजाडायला १९६६ च्या पुनर्रचनेनंतर पंचावन्न वर्षे लागली.

पण हा नेता निवडला कसा गेला? अमरिंदरसिंग यांनी १८ सप्टेंबरला राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी काँग्रेस विधिमंडळ पक्षाची बैठक झाली. आमदारांनी नेता निवडलाच नाही. निवडीचा अधिकार सोनिया गांधींना देणारा ठराव करून ते मोकळे झाले. मग सुनील जाखड यांचे नाव आले, ते मुख्यमंत्री शीखच हवा या मुद्द्यावर अडले. सुखजिंदरसिंग रंधावा यांचे नाव पक्के झाल्याच्या बातम्या आल्या, तेही मागे पडले. एकाला दुसरा चालेना, तेव्हा सगळ्यांना दलित चालला.

बरे, चालला तरी किती? शपथ होते न होते तोच प्रभारी हरीश रावत निवडणूक सिद्धूंच्या नेतृत्वाखाली लढू म्हणाले. त्यावर आक्षेप जाखड यांनाच घ्यावा लागला. मतदानाच्या तोंडावर चन्नींना चेहरा केले. २०२२ च्या निवडणुकीत ११७ पैकी १८ जागा आल्या आणि चन्नी स्वतः दोन्ही मतदारसंघांत पडले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. काँग्रेसच्या गटबाजीत विलासराव देशमुखांना जावे लागले आणि जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. २००४ ला आघाडीची सत्ता परत आली. खुर्ची मात्र विलासरावांकडे गेली आणि शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. हरलो तर खापर, जिंकलो तर राजभवन!

काही मित्र म्हणतात, "मिळतंय ते घ्यावं, आपला माणूस तरी बसला." खुर्ची नाकारा, असे मीही म्हणत नाही. पहिलीतली पोर मुख्यमंत्र्याच्या फोटोत आपला चेहरा पाहते, याची किंमत मी जाणतो. पण समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली : माणूस कुठल्या जातीचा यापेक्षा तो कोणाला जबाबदार आहे, यावरून सत्ता कळते. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले ते याचसाठी. १९३२ च्या पुणे करारातही प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे, अशी प्राथमिक निवडणूक होती. आपला प्रतिनिधी आधी आपल्यातून निवडला जावा, हा तो आग्रह होता.

आता आपल्या घराकडे बघू. १९९८ ला काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन ऐक्याचे चार खासदार निवडून आले : प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे. चौघेही खुल्या जागांवरून! १९९९ च्या निवडणुकीला आपण पुन्हा गटागटांत विभागून गेलो. आपलाच एक नेता आपल्याला ठरवता येत नसेल, तर दुसऱ्यांच्या भांडणातून उरलेली खुर्चीच वाट्याला येणार.

म्हणून साथींनो, पुढच्या वेळी आपल्या माणसाचे नाव जाहीर झाले की अभिनंदन जरूर करा. सोबत दोन प्रश्नही विचारा : याला कोणी निवडले? आणि याला काढण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे?

जय भीम!