दक्षिणेतले निरक्षर

आम्ही दोघे एकाच वर्षी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. आमच्यापैकी एक जुन्नर तालुक्यातला, दुसरा आंबेगावचा. वाङ्मयेतिहासाच्या तासाला दरवर्षी ‘तंजावर’ हा शब्द येतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरचे भोसले राजे मराठी नाटके लिहीत होते, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उच्चारले आहे की ते उच्चारताना आता डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. राहणार तरी काय? चाळिशी उलटली तरी आमच्यापैकी कोणीही सोलापूरच्या पलीकडे गेलेला नव्हता. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून दोघांनी बारा दिवसांची रजा टाकली आणि पुण्याहून चेन्नईची गाडी पकडली. हे टिपण दोघांचे मिळून आहे. जिथे आमचे एकमत नाही तिथे तसे नमूद केले आहे.

निघताना मनात थोडी फुशारकी होती, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला होता. तमिळला तो २००४ सालीच मिळालेला. मराठीच्या प्राचीनतेसाठी जे पुरावे मांडले गेले त्यांत आमच्या नाणेघाटातला सातवाहनकालीन शिलालेखही होता. तेव्हा आपण आता बरोबरीच्या नात्याने पाहुणे म्हणून चाललो आहोत, अशी काहीशी आमची समजूत होती.

रायचूर येण्याआधी गाडी कृष्णेच्या पुलावर आली. आंबेगावकर मित्राने खिडकीतून हात बाहेर काढून नमस्कार केला आणि म्हणाला, “हे आपलंच पाणी.” ते खरेही होते. कुकडी जुन्नरच्या पश्चिम डोंगरांत उगम पावते आणि घोडला मिळते. घोड आंबेगावातून येऊन भीमेला मिळते. आणि भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेत विलीन होते. नाणेघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस घाटाखाली उतरला तर अरबी समुद्राला जातो, अलीकडे वळला तर माणिकडोह, उजनी अशी धरणे भरून जे उरेल ते या पुलाखालून बंगालच्या उपसागराकडे निघते. आमच्या दोन्ही तालुक्यांचे पाणी युगानुयुगे ज्या वाटेने जात आले, त्या वाटेने जायला आम्हांला सेहेचाळीस वर्षे लागली होती.

आगगाडीत असेपर्यंत आमची साक्षरता शाबूत होती. स्थानकांच्या पाट्यांवर कानडी गेली, तेलुगू आली, पुढे तमिळ आली. पण प्रत्येक पाटीवर देवनागरीची एक ओळ होतीच. चेन्नईहून कुंभकोणमला गेलो आणि स्थानकाबाहेर पडलो, तिथे ती ओळ संपली.

पहिले दोन दिवस त्याचे काही वाटले नाही, कारण पाहण्यासारखे पुष्कळ होते. मार्गळी महिना नुकताच लागला होता. पहाटे अंधारातच बायका अंगण झाडून सडा टाकीत आणि चिमटीतल्या पिठाने कोलम काढीत. आमच्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीशी त्याचे नाते लगेच कळत होते, पण आपल्याकडे रेघ ठिपक्याला जोडत जाते, तिथल्या पुष्कळ कोलमांत ती ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवतीने वळत जाते. देवळातून आंडाळची ‘तिरुप्पावै’ ऐकू येई. कॉफी पितळी डबऱ्यात येई आणि ती उंचावरून ओतून निववावी लागे. फुलवाल्या मोगऱ्याचे गजरे कोपरापासून बोटापर्यंत हाताने मापून विकत. आम्ही दोघेही वहीत टिपणे काढीत होतो. त्या वह्या आता चाळल्या तर असे दिसते की आम्ही जे डोळ्यांना दिसले तेच लिहिले आहे. कोणी काय बोलले, याची एकही नोंद नाही.

तिसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या बसस्थानकावर उभे होतो. दारासुरमला जायचे होते, तीन-चार किलोमीटरवर. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ तिथे आहे. एकामागून एक बस येत होत्या आणि प्रत्येकीच्या कपाळावर तमिळमध्ये काहीतरी लिहिलेले होते. आम्ही अर्धा तास त्या अक्षरांकडे पाहत राहिलो. दोघांच्या मिळून चार पदव्या खिशात होत्या. शेवटी जुन्नरकर मित्र एका माणसाजवळ गेला आणि समोरच्या बसकडे बोट दाखवून नुसते “दारासुरम?” एवढेच म्हणाला. त्या माणसाने वर न पाहता मान हलवली. ती होकाराची की नकाराची हेही आम्हांला कळले नाही.

नारायणगावच्या एसटी स्थानकावर अशी एक तरी आजी रोज भेटते. डोक्यावर पदर, हातात पिशवी. “बाळा, ही गाडी कुठं जाती?” असे ती विचारते, आणि आपण पाटीकडे एक नजर टाकून, बहुधा तिच्याकडे न पाहताच, गावाचे नाव सांगतो. आम्ही हे हजार वेळा केले असेल. ती पाटीसमोर उभी असताना तिला काय दिसत असेल, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नव्हता. त्या दिवशी ते दिसले. अक्षर न येणाऱ्या माणसाला पाटी कोरी दिसत नाही. ती पूर्ण भरलेली दिसते आणि तिच्यातले काहीही त्याच्यासाठी नसते.

दारासुरमच्या बसमध्ये शेजारी दहा-अकरा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. थोडे इंग्रजी, थोड्या खुणा असे संभाषण चालले असता आम्ही तिच्या भाषेचे नाव घेतले आणि तिने ते दुरुस्त केले. ‘तमिळ’ या शब्दातले शेवटचे अक्षर आपला ‘ळ’ नव्हे. ‘ळ’ तमिळमध्ये वेगळा आहेच. हा तिसराच वर्ण, जीभ मागे वळवून टाळूला न लावता उच्चारायचा. तिने तो पाच-सहा वेळा म्हणून दाखवला. आम्ही प्रयत्न केले. ती एकदाही हसली नाही. शेवटी तिने मान डोलावून आम्हांला उत्तीर्ण केले. उच्चार जमला नव्हता, हे तिलाही कळले होते आणि आम्हांलाही.

मग तंजावर. राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर तमिळ शिलालेखांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांच्याकडे कोरीव नक्षी म्हणून पाहत आम्ही प्राकारातून चाललो होतो आणि अचानक समोर देवनागरी अक्षरे आली. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास तो हाच. आठवडाभर मुक्या झालेल्या डोळ्यांना एकदम वाचा फुटली. आम्ही बोट फिरवीत मोठ्याने वाचू लागलो. आंबेगावकर मित्राचा आवाज दाटून आला, हे त्याच्या परवानगीने लिहीत आहोत.

थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारले, “इथल्या माणसाला हे काय वाटत असेल?” लोक येत होते, जात होते. त्या भिंतीपाशी कोणी थांबत नव्हते. चोळांच्या देवळावर चढलेली ही मराठी राज्यकर्त्यांची मराठी होती, हे विसरून चालणार नव्हते. पाठ्यपुस्तकातले ‘तंजावर’ हे आमच्यासाठी नेहमीच ‘मराठी किती दूर पोचली’ याचे उदाहरण राहिले होते. तिथे आधी कोण होते, आणि मराठी तिथे पोचल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न आम्ही कोणत्याच प्रश्नपत्रिकेत घातला नव्हता.

त्याचे उत्तर सरस्वती महाल ग्रंथालयाने थोडेसे दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते तिथे एका छपराखाली आहेत. मोडी कागदांपुढे आम्ही पुन्हा निरक्षर ठरलो. मोडी आम्हांला येत नाही. पण शहाजी राजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकाविषयी तिथे दोघे पुष्कळ वेळ बोलत राहिलो. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा त्या एका नाटकात आहेत आणि पात्रे आपापल्या भाषेत बोलतात. वर्गात आम्ही याचा उल्लेख ‘चमत्कृती’ म्हणून करीत असू. पण ज्या दरबारात रोज पाच भाषा ऐकू येत होत्या तिथे ती चमत्कृती नसून सरळ वास्तववाद असावा, असे आता वाटते.

राजवाड्याजवळच्या खाणावळीत जेवताना आम्ही आपसांत बोलत होतो, तेव्हा पलीकडच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठून जवळ आले. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलली जात होती. तिची चाल तमिळची होती. काही शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे वाटले, काही मुळीच कळले नाहीत. बोलता बोलता आम्ही मनातल्या मनात त्यांची रूपे दुरुस्त करीत आहोत, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आले. त्यांनीही आमची मराठी तपासली असावी. आम्ही फार भराभर बोलतो आणि आमच्या बोलण्यात हिंदी फार मिसळली आहे, असे त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितले.

संध्याकाळी त्यांनी घरी नेऊन एक वही दाखवली. भजनात म्हणायचे तुकोबांचे अभंग त्यांनी स्वतःच्या हाताने उतरून घेतले होते, तमिळ लिपीत. बाबाजी चैतन्य, ज्यांना तुकोबांचे गुरू मानतात, त्यांची समाधी आमच्या ओतूरला आहे. आम्ही त्या मातीतले, मराठीचे प्राध्यापक, आणि आमच्यापुढे तुकोबा उघडे पडलेले असताना एक अक्षर वाचता येत नव्हते. त्यांनी वाचून दाखवले. तमिळ लिपीत त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. प, फ, ब, भ यांचेही तसेच. म्हणजे आमच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्या वहीतली ओळन् ओळ चुकीची होती. आणि त्यांच्या तोंडून येणारा प्रत्येक ‘ध’, प्रत्येक ‘भ’ स्वच्छ होता.

रात्री खोलीवर आलो तेव्हा आमच्यापैकी एकाने एका विद्यार्थ्याचे नाव घेतले. दुसऱ्यालाही तोच आठवत होता.

काही वर्षांपूर्वी आहुप्याकडचा एक मुलगा प्रथम वर्षाला होता, महादेव कोळी समाजातला. त्याने हिरड्याच्या हंगामावर निबंध लिहिला. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘होता’चे ‘व्हता’, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. निबंध वर्गातला सर्वांत चांगला होता, हे आम्हां दोघांनाही तेव्हाच कळले होते. एकाने तपासला, दुसऱ्याने फेरतपासला, आणि दोघांनी मिळून दहापैकी चार गुण दिले. पानभर लाल शाई झाली. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याचे कारण आमची शाई होती असे म्हणणे हाही एक अहंकारच होईल. भातलावणी, गाडीभाडे, घरची ओढाताण, कारणे अनेक असतील. पण तो बाकावर बसून आपल्याच भाषेचा कागद पाहत होता आणि त्या कागदावरचे काहीही त्याच्यासाठी नव्हते, हे चित्र आम्हांला दिसायला कुंभकोणमच्या बसस्थानकावर उभे राहावे लागले.

परत आल्यावर जानेवारीत वर्गाला घेऊन नाणेघाटात गेलो. नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा तो ब्राह्मी लेख आम्ही दोघेही लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्याचा अर्थ पुस्तकांतून माहीत आहे. अक्षर मात्र एकही वाचता येत नाही. त्या लेखात सातकर्णी राजाला ‘दक्षिणापथपती’ म्हटले आहे. म्हणजे तो लेख कोरणाऱ्यांच्या लेखी दक्षिण ही सोलापूरच्या पलीकडे सुरू होत नव्हती. आम्ही उभे होतो ती जागाही दक्षिणच होती. याच सातवाहनांच्या पुढच्या राजांनी चांदीची नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला प्राकृत आहे आणि दुसऱ्या बाजूला तमिळला जवळची द्राविडी भाषा. त्या नाण्याला तंजावरच्या वहीचे पूर्वज म्हणावे की नाही, हे तज्ज्ञांनी ठरवावे. आम्हांला ती दोन्ही एकाच घरातली वाटली. घाटघरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे तुम्हांला वाचता येतं?” आम्ही दोघांनी एकदमच “नाही” म्हटले. वर्गासमोर हा शब्द इतक्या सहज आम्ही पूर्वी उच्चारल्याचे आठवत नाही.

आता मतभेदाविषयी. ‘पानी’ला गुण कापावेत की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे असे की प्रमाणभाषा ही बसची पाटी आहे. ती वाचता-लिहिता आली नाही तर मुलगा स्थानकावरच राहील, आणि पुढच्या स्पर्धा परीक्षेत त्याला आमच्याइतकीही दया कोणी दाखवणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की पाटी शिकवणे वेगळे आणि पाटी न येणाऱ्याला खाली उतरवणे वेगळे. सध्या तडजोड म्हणून दोघेही आधी निबंध पूर्ण वाचतो, आशयाचे गुण लिहून टाकतो, आणि त्यानंतरच लाल पेनाचे टोपण काढतो. यात फार मोठे काही नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

असो. त्या मुलाची उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे कधीच रद्दीत गेली. त्यातले एक वाक्य मात्र दोघांनाही आठवते आणि त्यातले एकही अक्षर आम्ही आता बदलणार नाही. हिरड्याच्या झाडावर चढताना त्याची आई खालून ओरडून सांगत असे : फांदी मोडायच्या आदी बोलती, ती आईक.