कळकाची कड

काटेरी कळक धारदार करवतीने आडवा कापावा आणि तो काप उजेडात धरावा. फिकट पिवळ्या अंगावर काळपट ठिपके दिसतात. आतल्या पोकळीपाशी ते मोठे आणि विरळ असतात. सालीकडे जावं तसे बारीक होत एकमेकांना खेटतात, आणि अगदी कडेला तर अशी दाटी की नजरेला वेगळे करता येत नाहीत. प्रत्येक ठिपक्यात धाग्यांचा जुडगा आहे. धागे सेल्युलोजचे, त्यांना घट्ट धरणारं लिग्निन, आणि भोवती मऊ पेशींचा भरणा.

वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा एका अंगाला ताण बसतो, दुसऱ्या अंगाला दाब, आणि दोन्ही सर्वांत जास्त असतात ते कडेला. मधोमध जवळजवळ काहीच नसतं. कळकाने धागे कडेला दिले आणि मध्य रिकामा सोडला. नळी चेपू नये म्हणून पेरापेराला आडवा पडदा घातला. हे पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

माणूस या वाटेला फार उशिरा लागला. काचेचे केसाहून बारीक धागे रेझिनमध्ये बसवून तुळया, पत्रे, आता पूलही होतात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफेल्डीला टे नदीवर १९९२ साली असा पादचारी पूल झाला. लांबी ११३ मीटर, मधला गाळा ६३ मीटर. मनोरे आणि चालायचा पृष्ठभाग काचतंतूंच्या प्लास्टिकचे, वरून ओढून धरणाऱ्या दोऱ्या अ‍ॅरामिड धाग्यांच्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते आम्हा किनाऱ्यावरच्यांना ठाऊक आहे, म्हणून न गंजणाऱ्या या पुलाचं मला खरंच अप्रूप वाटतं. पण घट्ट झालेलं ते रेझिन पुन्हा वितळवता येत नाही, आणि मातीही त्याला सहजी घेत नाही.

धाग्यांचं बळ त्यांच्या लांबीच्या दिशेला. आडवं ते कमीच. म्हणून इंजिनिअर काचेच्या कापडाचे थर तिरपे-उभे फिरवून रचतात. बुरूड याच उणिवेवर पोट भरतो. कोयतीचा एक घाव टोकाला बसला की कळक सरळ उभा चिरत जातो. सालीकडच्या चिवट कामट्या तो सुपा-टोपल्यांसाठी राखतो. आतला ठिसूळ गर काढून टाकतो.

वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला. क्रिओसोट तेल मुरवलेला बांबू, वर एचडीपीई प्लास्टिकचं आवरण. झाडाचे धागे आणि कारखान्याचं कवच एकत्र आलेलं मला आवडलं.

कळकाचा कोंब जमिनीतून निघतो तो जवळपास शेवटच्या जाडीचाच. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, आणि पुढे आणखी जाड होत नाही. नंतरची दोन-तीन वर्षं बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र पेशींच्या भिंतींत लिग्निन साचत राहतं. त्याआधी कोयती लावू नये. कोवळा कळक सुकताना आक्रसतो, सुरकुततो, आणि भुंगेरे त्याचा भुगा करतात.