काढून मिळतील

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाट्या वाचत जायचं नसतं, आपलं दुकान गाठायचं असतं. लेथ काम, शेपिंग, गिअर कटिंग, पॅटर्न मेकर, हार्डनिंग. पंपाचा झिजलेला शाफ्ट पिशवीत घालून मीही तसाच चाललो होतो, आणि एका पत्र्याच्या पाटीपाशी पाय अडखळले. निळ्यावर पिवळी अक्षरं : ‘येथे तुटलेले टॅप, ड्रिल, स्टड काढून मिळतील.’ त्या गल्लीतल्या बाकी सगळ्या पाट्या काहीतरी करून द्यायला बसलेल्या. ही एकटीच काढून द्यायला.

टॅप म्हणजे आटे पाडायचा दांडा. बोटाएवढा, कधी काडीएवढा. अंगावर धारदार आटे आणि कीस बाहेर पडायला उभ्या तीन-चार खाचा. सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा तर आधी पाच मिलिमीटरचं भोक पाडतात, त्यात हा उभा धरतात, वरून हँडल लावतात, तेलाचे दोन थेंब सोडतात आणि फिरवू लागतात. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं घेतला की आतला कीस ‘कट्’ करून तुटतो आणि तळहाताला जरा सैल लागतं. चांगला फिटर त्या वेळी टॅपकडं बघतही नाही. मान भलतीकडंच वळलेली असते, सगळं लक्ष मनगटात. मागं घ्यायचा ज्याला कंटाळा आहे त्यानं टॅपिंगला उभंच राहू नये, असं माझं मत आहे. अशी माणसं गाडीही तशीच चालवतात.

टॅप हायस्पीड स्टीलचा. रॉकवेलच्या मापानं साठाच्या वर कडक, आणि कडक म्हणून ठिसूळ. साधं लोखंड मोडण्यापूर्वी वाकतं, पिळवटतं, निदान कुरकुरतं. टॅप असलं काही करत नाही. बुडाशी बंद असलेल्या भोकात कीस दाटलेला असतो, किंवा सुरुवातीलाच टॅप केसभर तिरका लागलेला असतो, किंवा ड्रिल झिजून भोक बारीक पडलेलं असतं. फिरवता फिरवता हँडल एकदम हलकं होतं. वरचा तुकडा हँडलमध्ये, खालचा भोकात, तोही तोंडापासून दोन-चार मिलिमीटर आत. घशात रुतलेल्या माशाच्या काट्यासारखा.

आणि हे होतं शेवटच्या कामाला. कास्टिंग ओतून आलेलं असतं, त्याचं फेसिंग झालेलं असतं, बोरिंग झालेलं असतं, सगळ्यांची मजुरी त्याच्यावर चढलेली असते. राहिलेली असतात ती कडेची चार भोकं. त्यांतली तीन नीट होतात.

काट्यानं काटा काढावा म्हणतात, पण या गल्लीत ती म्हण चालत नाही. ड्रिलही हायस्पीडचं आणि टॅपही हायस्पीडचा. ड्रिल लावलं की टॅपच्या वेड्यावाकड्या तोंडावरून ते घसरतं आणि शेजारचं मऊ बीड खात सुटतं. भोक वाकडं होतं आणि टॅप असतो तिथंच असतो. कार्बाइडचं ड्रिल टॅपला कापतं खरं, पण ते त्याहून ठिसूळ. हात जरा हलला की भोकात दोन पाहुणे. खाचांमध्ये बारीक पोलादी बोटं सरकवून टॅप उलटा फिरवायचं एक अवजारही मिळतं. कॅटलॉगमध्ये ते फार देखणं दिसतं. टॅप सैल मोडला असेल तर कामही देतं, पण सैल टॅप मुळात मोडतो कशाला? कुणी टॅपच्या डोक्यावर नट ठेवून वेल्डिंगनं जोडतो आणि पान्यानं हळूहळू डुलवून बघतो. कुणी पंच-हातोडी घेऊन टॅपचाच चुरा करायला बसतो. मधल्या वेळात शिव्या असतात.

मला मात्र त्या पाटीसमोर मिरजेचा एक घड्याळजी आठवला.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, मिरज-लातूर या अरुंद रुळांच्या गाडीवर. कागदोपत्री ती केव्हाच सरकारची झाली होती, पण लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘बार्शी लाइट’च. तिच्या चालीबद्दल लोक काय काय बोलायचे ते इथं सांगत नाही. गाडी हळू म्हणूनच की काय, आजोबांचं घड्याळ मिनिटाला पक्कं लागे. एचएमटीचं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. रोज सकाळी चहाआधी ते चावी देत, आणि देताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा ते बंद पडलं. स्टेशनाजवळच्या चाचांकडं नेलं. चाचांनी डोळ्याला आयग्लास लावला, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “गार्डसाहेब, आधी कुणीतरी हात घातलाय यात. स्क्रूचं डोकं गेलंय, धड आत राहिलंय.”

त्या स्क्रूचं धड केवढं, तर मोहरीचा दाणा त्यापुढं थोराड वाटावा. ते होतं घड्याळाच्या पितळी पाट्यात, आट्यांसकट गच्च. ड्रिल लावायचं तर कुठलं लावणार?

चाचांनी सगळं घड्याळ खोललं. चक्रं, स्प्रिंग, बारीक पिना, पोलादाचं जे जे काही होतं ते एकेक चिमट्यानं उचलून काचेच्या वाटीखाली झाकलं. हे काम त्यांनी दोनदा तपासलं. नुसतं पितळ उरलं, आणि त्या पितळात अडकलेलं ते धड. मग शेजारच्या सलूनमध्ये हाक मारून त्यांनी तुरटीचा खडा मागवला, दाढीनंतर गालावर फिरवतात तो. खलबत्त्यात कुटला, उकळत्या पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवला आणि कान तुटलेल्या एका कपात पाटा बुडवून कप टेबलावरच्या दिव्याखाली सरकवला, ऊब राहावी म्हणून. “आता?” आजोबांनी विचारलं. “आता काही नाही,” चाचा म्हणाले आणि दुसरं घड्याळ उघडून बसले.

आजोबांना ‘काही नाही’ ही गोष्ट जमत नसे. ते मला घेऊन रोज संध्याकाळी दुकानात जात. आयग्लास मला द्यायचे चाचा. डोळा बारीक करून कपात बघितलं की पितळाच्या त्या भोकातून टाचणीच्या टोकापेक्षाही लहान बुडबुडे निघताना दिसत. एक सुटायचा, मग थोडा दम, मग दुसरा. बाकी सगळं पितळ स्वस्थ. चाचा अधूनमधून भोकातला काळा गाळ सुईनं उकरून टाकत आणि पाणी बदलत. एका संध्याकाळी आजोबांनी विचारलंच, “अजून किती वेळ?” चाचांनी मान वर केली नाही. “गाडीला झेंडी तुम्ही दाखवता साहेब. याला नाही दाखवता येत.” आजोबा वाटेत बराच वेळ बोलले नाहीत. रागावले असावेत असं मला वाटलं, पण घरी आल्यावर त्यांनी ते वाक्य आजीला हौसेनं सांगितलं आणि पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत राहिले.

स्क्रू गेला. निघाला नाही, गेला. भोक रिकामं, आतले आटे नव्यासारखे. तुरटीचं पाणी आंबट असतं. त्या आंबटपणाशी लोखंडाचं पटत नाही, ते हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरत जातं. तांबं आणि जस्त मिसळलेलं पितळ तिथं तग धरतं. जगभरचे घड्याळजी ही युक्ती पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. चाचांनी तिच्यासाठी वेगळे पैसे लावले की नाही ते आठवत नाही. आठवतो तो घरातला गोंधळ. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तांबडंलाल यायचं आणि आजी हंड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून ते निवळायची. आजोबांनी चवीनं सगळी हकिगत सांगितली तशी ती हातातला खडा बघत राहिली. “अहो, पोलाद विरघळवणारी वस्तू मी पोरांच्या पोटात घालतेय?” हंड्यातल्या पाण्यात तुरटी किती, कपात किती, हे सांगून काही उपयोग झाला नाही. त्या पावसाळ्यात आमच्याकडं पाणी चौपदरी धोतराच्या फडक्यानं गाळलं गेलं आणि गढूळच प्यायलं गेलं. दाढीचा खडा मात्र आजोबांनी सोडला नाही. चेहरा लोखंडाचा नाही, म्हणाले.

उद्यमनगरात ही तुरटी कामाची नाही. तिथले जॉब बिडाचे नाहीतर पोलादाचे. कपात घातले तर टॅपबरोबर तेही झिजणार. पाटीखालच्या गाळ्यात शिरलो तेव्हा तिथं वेगळाच इलाज चालला होता. रॉकेलनं भरलेली पत्र्याची टाकी, तिच्या तळाशी शिकंजात आवळलेलं एक हाऊसिंग, आणि वरून खाली येणारी पितळेची बारीक नळी. नळी टॅपला टेकत नव्हती. मध्ये केसाएवढी फट होती आणि त्या फटीत निळसर ठिणग्या तडतडत होत्या. रॉकेल काळं पडत चाललेलं. एकेका ठिणगीला टॅपचा डोळ्याला न दिसणारा कण वितळून उडतो. वितळवायचंच असेल तर कडकपणाला कोण विचारतो? मऊ पितळ साठ रॉकवेलला खात होतं, अर्थात स्वतःही झिजत होतं. सगळा टॅप खायचा नसतो. मधला गाभा गेला की खाचांच्या मधल्या पाकळ्या सुट्या होतात आणि सुईनं टिपता येतात. जॉबच्या आट्यांना ओरखडाही नाही.

याला तिथं ‘स्पार्क मारणं’ म्हणतात. हे तंत्र युद्धातलं. मॉस्कोत बोरिस आणि नतालिया लाझारेंको या नवरा-बायकोकडं काम आलं होतं ते नेमकं उलट : गाड्यांच्या इंजिनातले टंगस्टनचे पॉइंट ठिणग्यांनी झिजतात, ते झिजणं थांबवा. त्यांनी पॉइंट तेलात बुडवून बघितले. झिजणं थांबलं नाही, पण ठिणग्या आवरत्या आणि एकसारख्या झाल्या. तेव्हा त्यांनी प्रश्नच फिरवला, आणि १९४३ मध्ये ठिणग्यांनी धातू कापायची रीत बसवली. त्याच सुमाराला अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर हे तिघं विमानांच्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या ॲल्युमिनियम कास्टिंगपाशी अडले होते. कशासाठी, तर त्यांत मोडलेले ड्रिल आणि टॅप काढण्यासाठी. त्यांनीही ठिणगीच गाठली. दोन्ही पक्षांना एकमेकांचा पत्ता नव्हता. जगभरच्या टूलरूममध्ये आज जे यंत्र दिमाखात उभं असतं, त्याचं एक कूळ असं मोडक्या टॅपपाशी निघतं. मला हे फार आवडतं. वाफेच्या इंजिनाच्या उगमाशी किटलीची ती गोष्ट जोडलेली असते, त्यापेक्षा कितीतरी जास्त.

गाळ्याच्या मालकांना मी विचारलं, रोज किती टॅप येतात. ते हसले. “मोजत न्हाई. बंदच्या आदल्या दिवशी लई येत्यात.” तेवढ्यात एक पोरगं सायकलवरून आलं. चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं बाकावर ठेवलं आणि बाहेर जाऊन उभं राहिलं. मालकांनी चिंध्या उलगडल्या, भोकावर बॅटरी मारली, बोटानं खोली अजमावली. “आठचा हाय. दोन तासांनी ये.” पोरगं गेलं. कुठल्या कारखान्यातला, कुणी मोडला, काही विचारणं नाही. “साहेबाला कळायच्या आत जॉब जाग्यावर गेला पायजे,” मला म्हणाले, “मग मी कशाला इच्यारू?” बिल हवं असेल त्याच्या बिलावर ते ‘टॅप काढणे’ असं लिहीत नाहीत. ‘मशिनिंग’ लिहितात.

पुढं याच ठिणगीला बढती मिळाली. बादल्या, मिक्सरची झाकणं, खुर्च्या, स्विच ज्या पोलादी साच्यांतून निघतात, त्यांतले कोपरेकंगोरे आता ती कोरते. तांब्याचा किंवा ग्राफाइटचा नमुना करायचा आणि कडक पोलादात ठिणग्यांनी उतरवायचा. ठिणगीनं खाल्लेला पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्याच्यावर असंख्य बारीक खळगे असतात. पूर्वी ते घासून घालवत. मग कुणाला तरी ते तसेच आवडले, आणि आता मुद्दाम ठेवतात. प्लॅस्टिकच्या वस्तूंना ती जी खरखरीत, न चमकणारी मॅट कातडी असते, ती बऱ्याचदा साच्यावर पडलेल्या ठिणग्यांचाच ठसा असते. शोरूमवाले तिला प्रीमियम फिनिश म्हणतात. हाताचा तेलकटपणा आणि मळ त्या खळग्यांत असा जाऊन बसतो की आमच्या नव्या स्विचबोर्डांवर दिवाळीला टूथब्रश घेऊन बसावं लागतं, आणि तरी कडा काळ्या त्या काळ्याच. मिरजेच्या घरात बॅकेलाइटचे काळे गोल खटके होते. त्यांना ओलं फडकं पुरायचं.