पाचवीच्या आधीचा लेख

चाळिशी ओलांडल्यावर केलेल्या रक्ततपासणीत मधुमेह निघाला, तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. सडपातळ देह हीच मी आजवर निर्दोषत्वाची साक्ष मानत आलो होतो. पालघरच्या डॉक्टरांनी मात्र अनपेक्षित प्रश्न विचारला, "सर, जन्मतः वजन किती होतं?" बोईसरला घरी परतल्यावर आईला विचारले. ती म्हणाली, "काटा कुठला तेव्हा? ओंजळीत मावायचास."

ओंजळीचे हे माप पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्राच्या काट्यावर घेतले. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा, आणि पुढे त्यांच्या मुलांचा, अभ्यास आरंभला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण फरक केवळ वजनाचा नव्हता. या हडकुळ्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पोषण तुटपुंजे पडले की गर्भ आधी मेंदू राखतो. काटकसर येते ती स्नायू आणि स्वादुपिंड यांच्या वाट्याला. रक्तातली साखर मुख्यतः रिचते ती स्नायूंतच. त्यामुळे टंचाईवर बेतलेल्या देहाला पुढची सुबत्ता झेपत नाही.

हे सारे उत्साहाने आईला समजावून सांगितले, ही माझी चूक. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं का रे?"

तिचे काय चुकले? सगळ्यांची पाने उठल्यावर उरेल ते खायचे, हा क्रम तिने ठरवला नव्हता. बाळ मोठे झाले तर सुटका अवघड होते, म्हणून गरोदरपणी हात आखडता घेण्याचा थोरल्या बायकांचा सल्लाही तिने निर्माण केलेला नव्हता.

दुर्दैव 'पाचवीला पुजलेले' असते असे आपली भाषा म्हणते. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, ही लोकश्रद्धा. विज्ञान सांगते, लेखणी त्याआधीच चाललेली असते, आणि ती चालते आईच्या ताटात. म्हणूनच तो अटळ नव्हे.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. मृत्यू निदान मोजले तरी जातात; पण त्या काळात जगलेली बाळे आज तिशीत आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी संपवून वडापावच्या गाडीशी थांबलेले जव्हार-मोखाड्याचे तरुण दिसतात, तेव्हा त्यांच्या देहांतील जुनी टंचाई आणि हातातले नवे खाणे यांचा हिशेब माझ्या मनात सुरू होतो. आदिवासी भागातील गर्भवतींना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्याकडे मी आता दानधर्म म्हणून पाहू शकत नाही. ते लेखणी हाती घेणे आहे.

घरी अलीकडे आईचे पान आधी वाढतो. ती बसते, पण पहिला घास घेण्यापूर्वी आजही पातेल्यात डोकावून, मागे किती उरले आहे ते पाहते.