इतिहास धाब्यावर

शेलूबाजारात चढउतार जाणवतो तो दोनच वेळी. एक, सायकल मारताना. आणि दुसरा, कर्जाचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना. एरवी मंगरुळपीर तालुक्यातले हे आमचे गाव म्हणजे काळ्या मातीवर अंथरलेली, जराशी सुरकुतलेली सतरंजी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तिला काँक्रीटचा काठही आला आहे.

आमचा भाचा पुण्याला पुरातत्त्व शिकतो. दिवाळीला आला तो लॅपटॉप काखोटीला मारून. म्हणाला, "मामा, तुमचा अख्खा तालुका यात आहे."

मला विशेष वाटले नाही. बँकेत आम्ही सात-बाऱ्यांच्या गठ्ठ्यात तालुका रोजच पाहतो. पण सात-बाऱ्यावर क्षेत्र असते, उंची नसते. याच्याकडे उंची होती! फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर नावाच्या अमेरिकन यानाने रडार लावून ११ दिवसांत जगातली सुमारे ८० टक्के जमीन मोजली म्हणे. आमच्या चुलत्यांच्या बांधाची मोजणी तिसऱ्या पिढीत चालू आहे, हे मी त्याला सांगितले नाही. उगाच अमेरिकेला गर्व व्हायचा.

ही मोजमापे क्यूजीआयएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची. ते फुकट मिळते, हे कळल्यावर माझा त्याच्याविषयीचा आदर दुणावला. त्यात एक खोटा सूर्य असतो. तो बहुधा वायव्येला, ४५ अंशांवर टांगतात. आपल्याकडे खरा सूर्य तिथे कधीच येत नाही. पण प्रकाश वरून येतो असेच आपला डोळा धरून चालतो. दिवा नकाशाच्या खालच्या बाजूने लावला, की टेकडीचा खड्डा दिसतो आणि खड्ड्याची टेकडी. शिवाय उंची चौपट करून दाखवायचीही सोय आहे. हीच सोय आमचे अर्जदार उत्पन्नाच्या रकान्यात वापरतात.

"पण तू शोधतोयस काय?"

"पांढरी."

गावाला काळी असते आणि पांढरी असते. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, की चुलीची राख, शेण, पडक्या भिंती साठून माती पांढुरकी होते आणि हळूहळू वर उठते. अशाच टेकाडावर डेक्कन कॉलेजने पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ ते १९८३ खोदकाम केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी वर काढले. आमचे वाशीम तर वाकाटकांचे वत्सगुल्म, राजधानीच! तेव्हा आसपास काही सापडेल, हा भाच्याचा हिशोब.

हिशोबात मात्र खोट निघाली. त्या यानाची उंची तीस मीटरच्या चौकोनाला एक. म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांना एक आकडा. तोही १६ मीटरपर्यंत इकडेतिकडे चालतो. (एवढी सवलत आमच्या कॅशियरला दिली तर?) दोन पुरुष उंचीची पांढरी त्यात कुठली दिसायला! त्याला लेसरची मोजणी हवी. तिचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीला टेकून येतात. पण त्याला पैसा लागतो.

"मग आता काय करणार?"

"विचारत फिरणार."

म्हणून मी त्याला शेजारच्या आजोबांकडे नेले. वय ऐंशीच्या पुढे, तंबाखू अखंड.

"पांढरी होय?" आजोबा म्हणाले. "थे आता कुठं राह्यली, बापू! अर्धी आमच्या बुढ्यानं धाब्यावर टाकली. बाकीची ट्रॅक्टरनं वावरात गेली. लय कसदार माती!"

पांढऱ्या मातीचे धाबे सहसा गळत नाही, हे खरे. इतिहास धाब्यावर बसवणे म्हणजे काय, ते मात्र मला त्या दिवशी शब्दशः कळले. आहे ती उंची संगणक दाखवील. गेलेली कुठून दाखवणार? ती आजोबांनी दाखवली. काठी टेकत आले, निंबापासून विहिरीपर्यंत चालले आणि म्हणाले, "इथून तं इथपर्यंत. वर खापरंच खापरं होती." भाच्याने तिथले अक्षांश-रेखांश टिपून घेतले.

बँकेत खाते बंद झाले तरी नोंद राहते. पांढरीच्या खात्याला लेजर नाही. जे आहे ते अशा चारदोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि त्या पानांना वाळवी लागायला वेळ लागत नाही. म्हणून भाच्याने आता गावोगावच्या म्हाताऱ्यांची यादी केली आहे, वयाच्या उतरत्या क्रमाने. लॅपटॉपच्या पिशवीत त्याने तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीही ठेवली आहे. यानाला रडार पुरले असेल. आमच्याकडे मोजणीला चुना लागतो.