मांडीतला रॉड

माझे मामा वणीचे. सप्तशृंगी गडाकडे जाताना लागतं तेच वणी. तिथे त्यांची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत त्यांची मोटरसायकल घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. नाशिकला ऑपरेशन करून रॉड टाकला. मी शनिवारी भेटायला गेलो, तर कॉटवरूनच म्हणाले, "काय रे, मोडलंय इथं आणि कापलंय खुब्यापाशी! डॉक्टर चुकला तर नाही ना?"

मी हसलो खरा, पण उत्तर मलाही येत नव्हतं. मग काय, पुढचे दोन वीकेंड वाचण्यात गेले.

डॉक्टर चुकलेले नव्हते. मांडीचं हाड आतून नळीसारखं पोकळ असतं आणि हा रॉड (डॉक्टर त्याला नेल म्हणतात) त्या पोकळीतून वरून खाली सरकवतात. मोडलेली जागा उघडावीच लागत नाही, एक्स-रेवर बघत काम होतं. तिथलं रक्त आणि मांस जागच्या जागी राहतं आणि हाड जुळायला तेच हवं असतं. ही युक्ती जर्मनीतल्या कील शहरातले सर्जन गेऱ्हार्ड क्युंट्शर यांची, 1939 सालची. त्याआधी पायाला वजनं लटकवून महिनेच्या महिने पडून राहणं हाच मुख्य उपाय होता. महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटलेल्या सैनिकांच्या मांडीत हे रॉड दिसले, तेव्हा त्यांचे डॉक्टर चक्रावले होते म्हणे.

पण बाहेरून पट्टी ठोकण्यापेक्षा आतून रॉड का? भरलेली कळशी कमरेवर घ्या, नंतर तीच हात लांब करून धरून बघा. वजन तेवढंच, पण शरीरापासून जितकं लांब तितका ताण जास्त. शरीराचा भार मांडीत ज्या रेषेतून खाली उतरतो, तिच्या जवळ रॉड असतो आणि बाहेरची पट्टी लांब. म्हणून रॉडला वाकवणारा जोर कमी पडतो. जाडीचा हिशोबही मजेदार आहे. भरीव सळई 10 मिमीऐवजी 11 मिमी घेतली, तर ती वाकायला सुमारे 46 टक्के जास्त चिवट होते, कारण इथे व्यासाचा चौथा घात लागतो. खरे नेल पोकळ असतात, पण एकेका मिलिमीटरला किंमत आहे एवढं कळतं.

शिवाय मांडीचं हाड सरळ नसतं, पुढच्या बाजूला थोडं कमानीसारखं असतं. रॉड त्याहून सरळ असला तर त्याचं टोक गुडघ्याच्या वर हाडाच्या पुढच्या भिंतीला टेकतं. खुब्यापाशी शिरण्याची जागा काही मिलिमीटर चुकली तरी हाड वाकडं जुळू शकतं. दोन्ही टोकांना आडवे स्क्रू असतात, ते पाय फिरू देत नाहीत की आखूड होऊ देत नाहीत.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात मामा म्हणाले, "लोखंड घातलंय ना, मग बागेत जाऊन येतो." डॉक्टरांनी तर वॉकर घेऊन पाय नुसता टेकवायला सांगितला होता. मामी रडकुंडीला आल्या होत्या.

हाड सरळ रेषेत मोडलं आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर नीट बसले, तर भार रॉड आणि हाड वाटून घेतात आणि पेशंट लवकर चालू शकतो. मामांच्या हाडाचा मात्र मध्ये चुरा झाला होता. तिथे हाडाला हाड भेटतच नव्हतं, सगळा भार एकट्या रॉडवर आणि त्या स्क्रूंवर. आमच्या भाषेत, मुख्य सर्व्हर बंद आणि सगळा ट्रॅफिक बॅकअपवर!

मी म्हटलं, "मामा, बागेतली तार तुम्ही कशी तोडता?"

"पुढंमागं वाकवून. अजून कशी?"

"एका वाकवण्यात तुटते?"

मामा गप्प झाले. धातूही तसाच थकतो, पावलागणिक थोडा थोडा. रॉड थकायच्या आत हाड जुळायला हवं, अशी ती शर्यत असते. रॉड हाडाची जागा घेत नाही, तो हाडाला वेळ मिळवून देतो.

त्या वर्षी छाटणी मामीनेच मजूर लावून पुरी केली. मामा ओट्यावर बसून सूचना देत राहिले. पुढच्या एक्स-रेंमध्ये चुऱ्याभोवती नवं हाड ढगासारखं दिसायला लागलं, तसं डॉक्टरांनी वजन वाढवू दिलं.

यंदा चैत्रात आम्ही गडावर गेलो. पायऱ्यांकडे बघून मामा जरा थबकले, मग मुकाट्याने ट्रॉलीच्या रांगेत उभे राहिले. म्हणाले, "तार वाचवतोय रे."