खोटं असतं? माहितेय!

रेसलिंगचा फॅन आहे म्हटलं की ऑफिसात एक डायलॉग ठरलेला : 'अरे, ते सगळं खोटं असतं!' बॉस, आम्ही शिरोड्याचे. माउलीच्या जत्रेत खाजं खात दशावतार बघणाऱ्यांना कोण हरणार हे आधीच ठाऊक असतं. राक्षस मरणारच. कथानक आधी ठरतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. पण मरण्याआधी राक्षसाला सॉलिड युद्ध मिळतं, म्हणून तर पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही.

म्हणूनच २०१७ अजून सलतं. मे महिन्यात जिंदर महाल डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. (रेसलर म्हणून यथातथाच, मान्य!) डिसेंबरात दिल्लीत शो. आणि बेल्ट कधी काढून घेतला? महिनाभर आधी, मँचेस्टरमध्ये, एजे स्टाइल्सकडून हरवून. दिल्लीत त्याला ट्रिपल एचनं आडवा केला, वर दोघांनी भांगडाही केला. आता बोला! माझ्या हातात असतं तर स्टाइल्सशी मॅच दिल्लीतच लावली असती, जिंदरच्या कमरेला बेल्ट असताना. हरला असता तरी चाललं असतं.